बावीस वह्या, एक अक्षर

ज्या खात्यात मी तीस वर्षं नोकरी केली त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: आपला रेडिओ कोणी ऐकतं का, हे शोधून काढायचं. कागदोपत्री त्याला श्रोता संशोधन म्हणतात. लग्नाकार्यात कोणी विचारलं, की मी सांगायचे, रेडिओत आहे. समोरची बाई लगेच खुलायची. "म्हणजे तुमचा आवाज ऐकू येतो?" मग मी सांगायचे, की माझा नाही येत, ज्यांचा येतो त्यांचा कोणाकोणाला येतो, ते मी विचारत फिरते. एवढं ऐकून ती बाई जिलबी वाढणाऱ्याकडे वळायची.

हे विचारत फिरणं आम्ही आमच्या परीने वर्षानुवर्षं करत होतो. उत्तरं फाइलला लागायची, फाइल कपाटात जायची आणि कपाट कोणी उघडत नसे, कारण त्याची किल्ली दिल्लीला बदली झालेल्या एका साहेबांबरोबर गेली होती. कोणाचं काही अडत नव्हतं. मग आंतरराष्ट्रीय सहकार्य आलं.

चार देशांच्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी ठरवलं, की श्रोते मोजण्याची पद्धत सगळ्यांनी एकच ठेवायची. एक देश बर्फाचा, एक बेटांचा, एक आफ्रिकेतला आणि चौथे आम्ही. दुखणं चौघांचं सारखंच होतं. लोकांच्या पैशावर चालता, तर तुम्हाला ऐकतं कोण ते दाखवा, असं प्रत्येकाला वरून विचारलं जात होतं. एकट्याने नापास झालं की खुलासा द्यावा लागतो. चौघांनी मिळून नापास झालं की संयुक्त अहवाल निघतो. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण पहिल्याच बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहून असे काही हसले, की माझ्या ते लक्षात आलं.

बैठका कॉम्प्युटरवर व्हायच्या. आमची दुपार, बर्फवाल्यांची सकाळ आणि बेटवाल्यांची झोपायची वेळ. जगातले नावाजलेले श्रोता संशोधक एकत्र जमायचे आणि निम्मा वेळ एकमेकांना विचारायचे, "माझा आवाज येतोय का?" उरलेल्या वेळात नियमावली तयार झाली. आधी ती नव्वद पानांची होती. प्रत्येक देशाने आपापली दुरुस्ती सुचवली आणि ती दीडशेवर गेली.

पद्धत अशी होती. निवडलेल्या घरातल्या माणसाला सात दिवसांची एक वही द्यायची. वहीत दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. त्या पंधरा मिनिटांत रेडिओ ऐकला का, कोणता कार्यक्रम ऐकला, कशावर ऐकला आणि कुठे बसून ऐकला, एवढं त्याने रोज भरायचं. कुठे बसून, यासाठी पर्याय छापलेले होते: स्वयंपाकघर, बैठकीची खोली, शयनगृह, बाग, मोटार. बर्फाच्या देशाने हट्टाने आणखी एक घालायला लावला. त्यांच्याकडे लोक वाफेच्या खोलीत घाम काढत बसतात आणि तिथे रेडिओ लावतात म्हणे. मराठी वहीत तो पर्याय "बाष्पस्नानगृह" म्हणून छापला गेला. बर्फवाल्यांचं पाहून बेटवाल्यांनी होडीचाही पर्याय घातला. मी म्हटलं, आमचीही एक जागा घाला, गॅलरी. चाळीतली माणसं दुपारी गॅलरीत बसतात. त्यावर बरीच चर्चा झाली. गॅलरी घराच्या आत धरायची की बाहेर, हे काही ठरेना. शेवटी तो मुद्दा एका उपसमितीकडे गेला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

दोन नियम मात्र ठाम होते. वही ज्याची त्याने स्वतःच्या हाताने भरायची. आणि वह्या वाटणाऱ्याचा कोणीही नातेवाईक त्या वस्तीत राहत असता कामा नये.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात गळा तिचा अडकला होता.

ती गिरगावातली, जुन्या कॅथलिक घरातली. आमच्या स्टुडिओत एवढं स्वच्छ मराठी दुसऱ्या कोणाचं नव्हतं, आणि ही गोष्ट आमच्यातल्या काही मंडळींना शेवटपर्यंत पचली नाही. अठरा वर्षं ती दुपारी दोनचा कार्यक्रम करत होती. अर्धा तास. लोकांची पत्रं वाचायची, त्यांना उत्तरं द्यायची, एक गाणं लावायचं. दर गुरुवारी कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक कोळीण फोन करायची आणि आज काय सुकत घातलंय ते सांगायची, एवढंच. पण ती बाई बोंबिलांबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वास यायचा. माझी मैत्रीण नोकरीत कायम नव्हती. दर सहा महिन्यांनी कागद यायचा, ती सही करायची. दुपारी साडेबाराला आम्ही डबा एकत्र खायचो. माझ्या डब्यातली भाजी तिला अळणी वाटायची आणि तिच्या डब्यात काय आहे ते विचारायची मला हिंमत व्हायची नाही, तरी मी खायचे.

संयुक्त पाहणी सुरू व्हायच्या आधीच साहेबांनी सांगून टाकलं, की दोनच्या कार्यक्रमाला मुंबईत पुरेसे श्रोते दिसले नाहीत, तर तो बंद होईल आणि त्या जागी दिल्लीहून येणारा हिंदी कार्यक्रम जोडला जाईल. साहेबांना त्याचं सुखदुःख नव्हतं. ते तिला म्हणाले, "मॅडम, आता सगळं सायंटिफिक होणार आहे, त्यामुळे काळजी करू नका." ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "काळजी करू नका म्हणाले म्हणजे गेलं बघ."

वस्त्या आम्ही निवडायच्या नव्हत्या. पत्त्यांची यादी बर्फाच्या देशात पाठवली, तिथल्या मशीनने चिठ्ठ्या टाकल्यासारखे पत्ते काढले आणि यादी परत आली. मुंबईतून एकच वस्ती निघाली, परळच्या भोईवाड्यातली एक चाळ, दुसरा मजला, खोल्या बावीस. राखीव म्हणून लालबागमधला एक टॉवर.

त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून पहिल्याच खोलीत माझे वडील राहतात. माझा जन्म तिथला. लग्न होऊन दादरला गेले तरी दर रविवारी मी तिथेच असते.

हे मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुपारी दोन वाजता त्या मजल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते रेडिओ पूर्ण आवाजात लावतात आणि दार उघडं ठेवतात. मग बाकीच्या खोल्यांत कोणी आपला रेडिओ लावतच नाही, लावायची गरजच नसते. बायका भांडी आवरून गॅलरीत येतात, तांदूळ निवडतात, केस विंचरतात आणि माझ्या मैत्रिणीची पत्रं ऐकतात. अख्ख्या मुंबईतून मशीनने हाच मजला काढावा, हा मला देवाचा कौल वाटला. "या वस्तीत माझे कोणीही नातेवाईक राहत नाहीत" असं छापलेल्या ओळीखाली मी सही केली आणि वह्या घेऊन भोईवाड्याला गेले.

प्रत्येक दारात उभं राहून मी समजावलं, रोज आपापली भरा, जमेल तसं लिहा, चुकलं तरी चालेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

रविवारी गेले तर बाबा चटईवर बसले होते आणि त्यांच्यासमोर बावीसच्या बावीस वह्या रचलेल्या होत्या.

बाबा रे रोडला लाकडाच्या वखारींमधल्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं, आणि निवृत्त झाल्यावर तेच चाळीसाठी फुकट करायला लागले. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादी, बँकेचे फॉर्म, कोर्टाचं समन्स. आमच्या मजल्यावर छापील रकाना असलेला कागद कोणाच्याही घरात आला, की माणूस तो वाचत नाही, सरळ काकांकडे, म्हणजे बाबांकडे, आणून देतो. ही तिथली रीतच आहे. शिकलेली सुनबाईसुद्धा तसंच करते, कारण काकांनी भरलेला फॉर्म आजवर परत आलेला नाही. मी त्याच मजल्यावर वाढले, सत्तावीस वर्षं लोकांच्या सवयींचा अभ्यास करत होते, आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"बाबा, या ज्याच्या त्याने भरायच्या होत्या," मी म्हटलं.

"भरतील की. खाडाखोड करून ठेवतील," बाबा म्हणाले. "परदेशात जायच्यात ना? तुझंच नाव खराब होईल."

समोरच्या खोलीतल्या काकू दारात उभ्या होत्या. त्या मूळच्या मालवणच्या. त्या म्हणाल्या, "माका काय कळता त्यातला, बाय. काकांनी इचारला, मी सांगितलंय. काकांनी लिवला."

मी वह्या उघडून पाहिल्या आणि ओरडायचं विसरले. बाबांनी नुसतं काहीतरी भरलं नव्हतं. रोज संध्याकाळी सात वाजता ते पाठकोरा कागद आणि पेन्सिल घेऊन खोलीखोलीत जायचे, प्रत्येकाला दिवसभराचं विचारायचे, ते कच्चं टिपायचे आणि मग निळ्या शाईच्या पेनाने पक्कं उतरवायचे. शिवाय माणूस म्हणाला ऐकलं, म्हणजे ऐकलं असं ते मानत नव्हते. "आज कोणाचं पत्र होतं?" असं विचारायचे. सांगता आलं तर खूण. एक गृहस्थ म्हणाले, गाणं छान होतं. बाबांनी विचारलं, कुठलं? त्यांना सांगता येईना. त्यांचा रकाना कोरा राहिला आणि ते दोन दिवस बाबांशी बोलले नाहीत.

जागेचा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. एका खोलीत संसार; तिला स्वयंपाकघर म्हणायचं, बैठकीची खोली म्हणायचं की शयनगृह? बाबांनी ठरवलं, त्या वेळी जमिनीवर काय मांडलंय ते बघायचं. पाट असेल तर स्वयंपाकघर, चटई असेल तर बैठकीची खोली, गादी असेल तर शयनगृह. गॅलरीला पर्याय नव्हता म्हणून त्यांनी तिला बागेत टाकलं, कारण तिथे तुळशीच्या दोन कुंड्या आहेत. बाष्पस्नानगृहावरून मात्र वाद झाला होता. शेवटच्या खोलीतल्या माणसाचं म्हणणं, डोक्यावर पत्रा आहे, मे महिन्यात आमच्या खोलीत दुसरं काय असतं? बाबांनी त्याला सांगितलं, "घाम येतो हे मान्य. पण तू तिथे घाम काढायला म्हणून बसत नाहीस." तो पर्याय त्यांनी कोणालाच दिला नाही.

त्यांच्या स्वतःच्या वहीत बुधवारी सव्वादोनच्या रकान्यात लिहिलं होतं: "डुलकी लागली." बाकीच्या दिवशी दोनला रीतसर खुणा होत्या. मी सगळ्या वह्या चाळल्या. बहुतेकांच्या दोनच्या रकान्यात खूण होती, आणि जिथे नव्हती तिथे कारण होतं: दवाखान्यात गेली, पाणी आलं, माहेरी. चार देशांनी मिळून दीडशे पानं लिहिली, पण श्रोता ओळखायची एवढी सरळ तऱ्हा त्या पानांत नव्हती. मला हसूही येत होतं आणि बाबांचा अभिमानही वाटत होता. त्याच दिवशी मी वह्या काढून घ्यायला हव्या होत्या. नव्या देऊन पुन्हा आठवडा मोजायला हवा होता. मी म्हटलं, "चालू द्या."

वह्या तपासायला बर्फाच्या देशातून एक पाहुण्या येणार आहेत, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "मला बोलावतील का गं? काही शंका असली तर?" मी म्हटलं, बघू. पुढच्या रविवारी गेले तर त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीहून आलेला होता, इस्त्रीवाल्याने कागदात गुंडाळून दिला होता तसाच दाराआडच्या खिळ्याला टांगलेला. वह्यांचा गठ्ठा त्यांनी सुतळीने बांधून माझ्या हातात दिला.

पाहुण्या माझ्याच वयाच्या होत्या. उंच, शांत. आमच्या कॅन्टीनचा चहा त्यांनी दोनदा मागून घेतला, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलणं मला जड जातं. कॉन्फरन्स रूममध्ये साहेब, मी आणि त्या, तिघेच होतो. त्यांनी गठ्ठा सोडला. एक वही पाहिली, दुसरी पाहिली, मग पाच-सहा वह्या उघडून शेजारी शेजारी मांडल्या. मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या बाईला. तरीही त्या म्हणाल्या, की इतकं सुंदर अक्षर मी पाहिलेलं नाही, आणि हे सगळं एकाच माणसाचं आहे.

साहेब माझ्याकडे पाहायला लागले.

पाहुण्यांनी "डुलकी लागली" वर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, हे लिहिणारा माणूस खोटं लिहिणारा वाटत नाही. नियमावलीत सोय आहे. वही दुसऱ्याने भरलेली असेल, पण कोणी आणि कशी भरली ते समजलं, तर त्या माणसाला भेटून खातरजमा करून वह्या ग्राह्य धरता येतात. तुम्ही वस्तीत गेला होतात. कोण आहेत हे?

उत्तर तीन शब्दांचं होतं. ते दिलं असतं, तर त्या ओळीखालची माझी सहीही बाहेर आली असती. निवृत्तीला अडीच वर्षं होती. खोटी सही, चौकशी, पेन्शन, असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हणाले, "कल्पना नाही. वस्तीतल्या कोणीतरी परस्पर भरलेल्या दिसतात."

पाहुण्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी प्रत्येक वहीवर तिरकी रेघ मारली, बावीस वेळा, आणि राखीव वस्ती घ्यायला सांगितली. निर्णय दोन दिवसांनी, त्या परत जातील तेव्हा पक्का होणार होता.

डब्याच्या वेळी मैत्रीण माझ्या टेबलाशी आली. रेघ मारलेल्या वह्या तिथेच पडल्या होत्या. तिने वरची उचलली आणि खुर्चीत बसली. "अगं, ही तर माझी भोईवाड्याची मंडळी," ती म्हणाली. "अठरा वर्षं याच अक्षरात पत्रं येतायत मला. कधी सुनेची तक्रार, कधी गुडघ्याचं दुखणं, कधी पोराचं लग्न. सही दर वेळी वेगळी, अक्षर हेच. कोण माणूस आहे हा?"

तिच्यापाशी मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. बाबा, सही, पाहुण्या, सोय, सगळं. ती ऐकत होती. डबा उघडलाच नाही.

"मग जा आणि सांग," ती म्हणाली. "त्या बाई परवापर्यंत आहेत ना?"

"माझी नोकरी जाईल."

"तुझी जाणार नाही. मेमो मिळेल," ती म्हणाली. "माझी जाईल."

तिचा आवाज चढला नव्हता. माइकसमोर बोलायची तशीच बोलली ती. मी म्हटलं, विचार करते. दोन दिवस मी विचार केला. पाहुण्या उतरल्या होत्या त्या गेस्ट हाउसच्या पायऱ्यांपर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा तर पाहुण्या समोरूनच येत होत्या. त्यांनी मला हात केला, इथे जवळपास खजूर चांगला कुठे मिळेल म्हणून विचारलं, आणि मी त्यांना दुकानाचा पत्ता सांगून परत आले. मी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. इतरांना असावं.

लालबागच्या टॉवरला आम्ही चार वेळा गेलो. खालच्या वॉचमनने इंटरकॉमवर बावीस घरांना विचारलं. काहींनी वही खालीच ठेवून जायला सांगितलं. आठवड्याने त्या वह्या घ्यायला गेले, तर बऱ्याचशा तिथेच टेबलावर होत्या, काहींवर पार्सलं ठेवलेली. ज्या भरून आल्या त्या ज्याने त्याने स्वतःच्या हाताने भरलेल्या होत्या, आणि त्यांच्यात "नाही" असा एकच शब्द होता. त्या ग्राह्य धरल्या गेल्या. मुंबईत दोनच्या कार्यक्रमाला श्रोता मिळाला नाही, असं चार देशांनी मिळून सिद्ध केलं.

अहवाल गुळगुळीत कागदावर निघाला. पद्धतीच्या काटेकोरपणाबद्दल मुंबईचं खास कौतुक होतं, संशयास्पद वस्ती वेळीच वगळल्याबद्दल. साहेबांनी त्या पानाची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. ती अजून तिथे असेल.

महिनाअखेर कार्यक्रम बंद झाला. शेवटच्या दिवशी तिने नेहमीसारखीच पत्रं वाचली. शेवटचं पत्र भोईवाड्याचं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, की पाणी आता दीड वाजता येतं, त्यामुळे तुमचा कार्यक्रम निवांत ऐकता येतो. तिने वाचलं, लिहिणाऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आणि ज्यांनी हे लिहून दिलं, त्यांनाही माझा नमस्कार." स्टुडिओच्या काचेच्या या बाजूला मी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही अधूनमधून तिचा फोन येतो. गुडघ्यांबद्दल बोलते, भावाच्या मुलीबद्दल बोलते. त्या वह्यांचा विषय काढत नाही. तिने एकदा मला झाडलं असतं तर बरं झालं असतं.

बाद वह्या रद्दीत जाणार होत्या. मी त्या पिशवीत घालून रविवारी चाळीत घेऊन गेले. का नेल्या, ते सांगता येणार नाही. बाबांना कोणाकडून तरी कळलंच असतं.

दोन वाजता बाबांनी रेडिओ लावला. दिल्लीहून कोणीतरी उत्साहाने हिंदीत बोलत होतं. बाबांनी आवाज बंद केला. गॅलरीतल्या बायका थोडा वेळ बसून राहिल्या आणि मग एकेक करून आत गेल्या. आता त्या आपापल्या खोलीत आपापला मोबाइल लावतात.

बाबांनी चष्मा पुसला, गठ्ठा सोडला आणि एकेक वही तपासायला घेतली. प्रत्येक पान. रेघेकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. रेघेखाली काय चुकलंय ते ते शोधत होते. अकरा वह्या झाल्यावर म्हणाले, "खाडाखोड एकही नाही. बेरीज बरोबर आहे. अक्षरात खोट काढली का?"

"नाही बाबा. अक्षर चांगलं आहे म्हणाल्या. इतकं सुंदर पाहिलं नाही म्हणाल्या."

"मग?"

"सगळ्या वह्यांत एकच अक्षर आहे, म्हणून."

"एकच असणार. मीच लिहिलंय ना." त्यांनी पुढची वही उघडली, पण वाचली नाही. "कोणी लिहिलं ते विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. कमी ऐकू येणारी माणसं तोंडाकडे पाहतात, तसे. मला वाटलं, आता पुढचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. वह्या जुळवून सरळ केल्या, सुतळी बांधली, गाठ दोनदा मारली.

"सांगायचंस की, माझ्या वडलांचं आहे म्हणून," ते म्हणाले. "मी आलो असतो."

दाराआडच्या खिळ्याला शर्ट कागदात तसाच होता.